पत्रा वाकला नाही, मग वाकलं काय?

प्रश्न: आजोबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी वीस वर्षं दारात उभी आहे. घरचे म्हणतात, भंगारात द्या. आजच्या कागदी गाड्यांपेक्षा त्या गाड्या दणकट आणि सुरक्षित होत्या ना? मग दुरुस्त करून रोज वापरायला काय हरकत आहे?

उत्तर:

दणकट होत्या. सुरक्षित नव्हत्या. या दोन गोष्टी एकच, असं मीसुद्धा निम्मं आयुष्य धरून चाललो होतो, आणि मी तर नाशिकमधल्या अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये गाड्यांचा पत्रा दाबूनच पोट भरतो.

आमच्याकडेही होती. 1978 ची, फिक्या निळ्या रंगाची, वडिलांनी, म्हणजे नानांनी, 1985 साली सेकंडहँड घेतलेली. आरसी बुकात पद्मिनी, पण घरात, गल्लीत, गॅरेजात सगळीकडे ‘फियाट’. गिअर स्टिअरिंगलाच, पुढची सीट बाकड्यासारखी सलग, त्यामुळे पुढे तिघं आरामात. मागे किती बसायचे ते मोजायची पद्धत नव्हती. थंडीत चोक ओढून दहा मिनिटं गुरगुरत ठेवायची, उन्हाळ्यात कसारा घाट चढताना बॉनेट उघडून इंधनाच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, नाहीतर पेट्रोलची वाफ होऊन गाडी जागेवर उभी. इगतपुरीला घाटनदेवीपाशी थांबणं हा देवदर्शनाचा भाग होता की रेडिएटर थंड करण्याचा, हे मला अजून सांगता येणार नाही.

नाना ओझरला एचएएलमध्ये. दिवसभर मिग विमानांवर काम. पायलटला सीटला खांद्यावरून, कमरेवरून, मांड्यांमधून पट्ट्यांनी कसं जखडतात, हे त्यांनी आम्हाला जेवणाच्या ताटावर बसून हाताने दाखवलं होतं. त्याच नानांच्या फियाटमध्ये एकही पट्टा नव्हता, आणि त्यात काही विसंगत आहे असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. विमान ते विमान, गाडी ती गाडी.

1989 च्या पावसाळ्यात मुंबईहून येताना विल्होळीच्या अलीकडे एक ट्रक बंद पडून उभा होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते चार दगड आणि झाडाची फांदी. नानांनी ब्रेक दाबला. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यात पाणी गेलेलं. गाडी एका बाजूला ओढली गेली आणि ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर बसली. वेग चाळीसच्या आसपास असेल.

आता हिशेब ऐका. गाडीचा बंपर वाकला, एक हेडलाइट फुटला, मडगार्डला पोचा. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्याने हातोडीने सगळं सरळ केलं, तिसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर. स्टिअरिंग छातीत बसून नानांच्या दोन बरगड्या मोडल्या, ते तीन आठवडे घरी. आईचे पुढचे दोन दात डॅशबोर्डवर गेले. मी बारा वर्षांचा, मागे उभा राहून पुढच्या सीटची पाठ धरून गाणी म्हणत होतो. माझ्या कपाळाला सहा टाके.

आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ही गोष्ट आमच्या घरात कशी सांगितली गेली माहीत आहे? ‘ट्रकला धडकली, पण गाडीला काही झालं नाही!’ लग्नकार्यात, गणपतीत, आलेल्या पाहुण्याला. नाना सांगायचे, मी सांगायचो, कपाळावरची खूण दाखवून सांगायचो. आई तेवढी मध्येच पदर तोंडाला लावून म्हणायची, ‘हो, फार मजबूत होती,’ आणि आम्ही सगळे हसायचो.

धक्का कुठे जातो हे मला धंद्यातून कळायला हवं होतं. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी अचानक थांबणं म्हणजे जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ती ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. गाडीचं नाक 60 सेंटिमीटर चेपत चेपत थांबलं तर आतल्या माणसावर सरासरी त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सोळा-सतरापट जोर येतो, तोही पट्ट्याने सीटला धरलेलं असेल तर. नाक 20 सेंटिमीटरच चेपलं तर तोच जोर पन्नासपटीच्या जवळ जातो. पत्रा हट्टाने उभा राहिला की बरगडीला वाकावं लागतं. म्हणून आताच्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असं करतात आणि माणसं बसतात ती पेटी मात्र वाकू नये असं. मर्सिडीजमध्ये बेला बॅरेनी या इंजिनिअरने हे डोकं 1950 च्या दशकातच लढवलं होतं. तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिनने 1959 साली आणला. आमची पद्मिनी मुळात त्याच काळातली फियाट 1100, इटलीतून आलेली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात 2000 सालापर्यंत थोडेफार फेरफार करत बनत राहिलेली.

‘जड गाडी’ हाही एक गैरसमज. पद्मिनीचं वजन 900 किलोच्या आतच. आजची नेक्सॉन 1200 किलोच्या वर आहे. दाराचा बाहेरचा पत्रा आज साधारण 0.7 मिलिमीटरचा असतो, बोटाने दाबला तर लवतो, आणि लोक तेवढ्यावरच निकाल देतात. पण दारांच्या मधला खांब बोरॉन स्टीलचा, म्हणजे अतिशय कडक पोलादाचा असला तर तो कापायला साधी कटर ब्लेडं पुरत नाहीत. जुन्या गाडीत बाहेरपासून आतपर्यंत साधं माइल्ड स्टील.

ज्यांना आकड्यांवर विश्वास नाही त्यांनी 2009 ची एक चाचणी पाहावी. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मालिबू ताशी 64 किलोमीटरने समोरासमोर, अर्ध्या नाकावर आदळवली. जुनीचा अवतार रणगाड्याचा. तिचीच केबिन कोसळली, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड चाचणीसाठी माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आले. नवीचं नाक संपलं आणि तिच्यातल्या पुतळ्याच्या पायाला तेवढं लागलं.

नवी म्हणजे आपोआप चांगली, असं मात्र समजू नका. 2014 साली गाड्या आदळवून सुरक्षेसाठी पाचपैकी तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळवल्या, पाचही शून्य तारे. 2016 मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओही शून्यावर, आणि ती तर आमच्या नाशिकची. त्याच नाशिकच्या कारखान्यातली एक्सयूव्ही 300 जानेवारी 2020 मध्ये पाच तारे घेऊन आली. शहर तेच, कामगार तेच. फरक पडला तो गिऱ्हाईक ‘तारे किती?’ विचारायला लागलं आणि सरकारने नियम आवळले म्हणून. पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या त्या 2021 मध्ये, म्हणजे कालपरवा. अजूनही बेल्टचा आवाज बंद करायला नुसतं बक्कल खोचणारे महाभाग मला रोज सिग्नलला दिसतात. बेल्ट लावला की शेजारचा ड्रायव्हर म्हणतो, ‘का हो, माझ्यावर भरवसा नाही का?’

2022 मध्ये माझ्या भाच्याची गाडी गोंद्याजवळ मागून एका कंटेनरला धडकली. पुढचा भाग काचेपर्यंत चुरगळला. विमा कंपनीने दुरुस्तीचा विचारही केला नाही. भाचा तोंडभर एअरबॅगची पांढरी पूड घेऊन उतरला आणि पहिल्यांदा चष्मा शोधू लागला. यार्डात गाडी बघायला नानांना नेलं, तेव्हा ते 84 वर्षांचे. काठीने पत्रा ठोकून म्हणाले, ‘एवढे पैसे घालून कागद घेतला.’ भाचा शेजारीच उभा राहून चहा पीत होता. मी त्याच्याकडे बघितलं, मग आईच्या कवळीची आठवण झाली, आणि मला आमची जुनी गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकू आली. नानांना समजवायचा प्रयत्न केला. ते शेवटपर्यंत मानले नाहीत.

आमची फियाट 2006 साली गेली. अंबड लिंक रोडला तेव्हा भंगार बाजार होता, 2017 मध्ये महापालिकेने हटवला तो. नाना आले नाहीत, मला पाठवलं. दोन पोरांनी गॅस कटरने आधी छत उतरवलं, मग दारं. दुकानदार प्रत्येक तुकडा उचलून ‘काय पत्रा आहे!’ म्हणत होता आणि किलोच्याच भावाने मोजत होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी आलो तर नानांनी एकच विचारलं, ‘बॅटरी काढून घेतलीस ना?’

आता तुमच्या गाडीचं. दिल्लीसारखी ठरावीक वर्षांनंतर थेट बंदी आपल्याकडे नाही, पण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण लागतं. 2022 पासून त्याची फी 600 ची 5,000 झाली आणि जुन्या गाड्यांसाठी ती पुढेही वाढते आहे. पर्यावरण कर वेगळा. गाडी 50 वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, व्हीए अक्षरांच्या नंबर प्लेटवर. तुमची 2034 मध्ये तिथे पोचेल. पण त्या नोंदणीवर प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला नाही. भंगारात देणार असाल तर मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि सर्टिफिकेट घ्या. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि नोंदणी कायमची रद्द होते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिलीत तर कागदोपत्री गाडी तुमच्याच नावावर फिरत राहील.

मला विचाराल तर ठेवा. पण रोजच्या वापराला नको, आणि समृद्धी महामार्गावर तर मुळीच नको. त्याच्या इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणे या टप्प्यात आता कसारा घाटाऐवजी बोगदा आहे आणि शेजारून गाड्या भरधाव जातात. ड्रम ब्रेकचं तिथे काय काम? पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचं किट बदला, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं. पुढच्या सीटला बेल्ट बसवा, पण नुसत्या पत्र्यात बोल्ट मारून नाही. आतून जाड पट्टी वेल्ड करून घ्या, चांगला गॅरेजवाला सांगितल्यावर करतो. मग रविवारी सकाळी सहाला गंगापूर धरणापर्यंत एक फेरी, चाळीसच्या आत. पोरांना गाडीत बसून फोटो काढू द्या, उभ्या गाडीत. आणि एप्रिल-मे असेल तर ओलं फडकं सोबत ठेवा.