मुगाच्या पेरणीआधी यंत्राची झडती

प्रश्न : हरभरा निघाला की उन्हाळी मूग पेरायचा आहे. नऊ फणांचं पेरणीयंत्र रब्बीपासून शेडमध्ये उभं आहे. काय काय पाहू? – एक शेतकरी, उमरेड (जि. नागपूर)

उत्तर : भाऊ, आधी खताची पेटी उघडा. उरलेलं खत ओल धरून दगड होतं आणि पत्रा खातं. खरवडा, धुवा, पुरती वाळू द्या. मग चेनला तेल, बेअरिंगला ग्रीस. नळ्यांत फुंकून पाहा. एकीत जरी कुंभारमाशीचं घर असलं, तरी अख्खी ओळ रिकामी जाते. फणांतलं ३० सेंमी अंतर टेपनेच मोजा.

खरं काम बियाण्याच्या मापाचं, आणि तेच बहुतेक जण टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. यंत्राचं चाक उचलून धरा, खडूची खूण करा, प्रत्येक नळीला पिशवी बांधा आणि २५ फेरे फिरवा. चाकाचा घेर दीड मीटर असेल, तर एवढ्यात सुमारे १०० चौरस मीटर पेरणी होते. हेक्टरी १५ किलोच्या हिशेबाने सगळ्या पिशव्यांत मिळून १५० ग्रॅम मूग यायला हवा. पिशव्या वेगवेगळ्याही तोला. मोजणीला बीजप्रक्रिया करून वाळवलेलंच बियाणं घ्या. ते नळीतून वेगळ्या गतीने पडतं.