इंग्लंडमध्ये नर्स म्हणून येताना रुग्णांचे बोलणे समजण्यासाठी

आयईएल्टीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत पुरेसे गुण मिळाले असले तरी वॉर्डातील वृद्ध ब्रिटिश रुग्णांचे बोलणे समजेल का, आणि निघण्यापूर्वी इंग्रजी वाक्प्रचार व म्हणींची पुस्तके पाठ करावीत का, असे तुम्ही विचारले आहे. मी यॉर्कशायरमधील एका रुग्णालयात नर्स आहे. त्यामुळे वॉर्डातल्या भाषेपुरतेच, पण सविस्तर लिहिते.

इथे नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या अटीनुसार आयईएल्टीएसमध्ये एकूण ७ आणि लेखनात किमान ६.५ गुण लागतात. परंतु त्या परीक्षेतील ध्वनिफितीत बोलणारी माणसे आजारी नसतात. वॉर्डात तुमच्याशी बोलणारी व्यक्ती थकलेली, घाबरलेली, कवळी काढून ठेवलेली असते आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या शब्दांत बोलते. म्हणून पुस्तकातील शेकडो वाक्प्रचार पाठ करण्यात वेळ घालवू नका. आपण शाळेत घोकलेले ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ इथे माझ्या कानावर क्वचितच पडते. शरीर, दुखणे आणि लाज यांच्याशी निगडित असलेले मोजकेच वाक्प्रचार आधी शिका, कारण ते न समजल्यास रुग्णाला इजा होऊ शकते.

‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणजे मुंग्या येणे. हाताला प्लास्टर घातलेला रुग्ण बोटांना असे होत असल्याचे सांगत असेल, तर प्लास्टरखाली दाब वाढत असण्याची शक्यता असते आणि ते ताबडतोब डॉक्टरांना कळवावे लागते. ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. हा शब्द कानावर पडताच संसर्गाचा आणि रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवण्याचा विचार करायचा असतो. ‘वॉटरवर्क्स’चा प्रश्न म्हणजे लघवीची तक्रार. ‘स्पेंड अ पेनी’ असे वृद्ध स्त्रिया म्हणतात तेव्हा त्यांना स्वच्छतागृहात जायचे असते. पूर्वी सार्वजनिक शौचालयाच्या दाराला असलेल्या कुलपात एक पेनीचे नाणे टाकावे लागे, त्यावरून हा प्रयोग रूढ झाला. तो तुम्हाला कळला नाही, तर त्या आजी संकोचाने पुन्हा सांगत नाहीत, एकट्याच उठतात आणि पडतात. ‘अंडर द वेदर’ आणि ‘ऑफ कलर’ या दोन्हींचा अर्थ बरे वाटत नाही एवढाच आहे. त्यांवरून निदान काही कळत नाही, म्हणून पुढचे प्रश्न विचारावेच लागतात.

याहून अवघड आहे ती दुखणे कमी करून सांगण्याची इथली सवय. ‘मस्टन्ट ग्रम्बल’ (तक्रार करू नये) किंवा ‘नॉट टू बॅड’ (तसे ठीक आहे) असे उत्तर देणाऱ्या, शस्त्रक्रिया होऊन एकच दिवस झालेल्या आजोबांना असह्य वेदना होत असू शकतात. आपल्याकडेही ‘चाललंय’ असे म्हणणारी माणसे आहेत. पण त्यांचा चेहरा वाचण्याची सवय आपल्याला असते, इथे ती नव्याने करावी लागते. अशा वेळी शब्दांवर विसंबू नका. शून्य ते दहा या प्रमाणात वेदना किती आहे ते विचारा, आणि स्वस्थ पडलेले असतानाच नव्हे, तर खोकताना व कुशीवर वळतानाही विचारा. ‘पुअरली’ हा शब्दही असाच फसवा आहे. घरगुती बोलण्यात तो सर्दीतापालाही चालतो, परंतु डॉक्टर नातेवाइकांना ‘व्हेरी पुअरली’ असे सांगतात तेव्हा प्रकृती गंभीर असते. ‘टच अँड गो’ म्हणजे जगण्याची शाश्वती नाही. ‘नॉट आउट ऑफ द वुड्स येट’ म्हणजे सुधारणा आहे, पण धोका टळलेला नाही.

म्हणींची चिंता फारशी करू नका. त्या बहुधा सहकाऱ्यांच्या बोलण्यात येतात आणि त्याही अर्ध्याच. ‘टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ’, म्हणजे फार जणांनी हात घातला की काम बिघडते, या म्हणीतले ‘टू मेनी कुक्स’ एवढेच म्हणून बोलणारा थांबतो, जसे आपण ‘आधीच उल्हास’ एवढेच म्हणतो. पुढचा भाग माहीत नसला तरी प्रसंगावरून अर्थ बहुतेक वेळा उमगतो.

वाक्प्रचार समजले पाहिजेत, वापरले पाहिजेत असे नाही, हे माझे ठाम मत आहे. विशेषतः नातेवाइकांशी मृत्यूविषयी बोलताना आडवळणाचे शब्द टाळा. दुःखात असलेल्या माणसाला ते उलगडत नाहीत. अर्थ कळला नाही तर ‘कुड यू टेल मी व्हॉट यू मीन बाय दॅट?’ असे शांतपणे विचारा. यात कमीपणा नाही; दुसऱ्या परगण्यातून आलेल्या इंग्रज नर्सलाही यॉर्कशायरमध्ये हे विचारावे लागते. नोंद करताना रुग्णाचे मूळ शब्द अवतरणचिन्हांत लिहा आणि विचारून खात्री केलेला अर्थ त्यापुढे साध्या इंग्रजीत लिहा, म्हणजे रात्रपाळीला येणाऱ्या नर्सला, मग ती केरळची असो वा फिलिपिन्सची, तो पुन्हा शोधावा लागणार नाही.