दोन कर्जदार आणि देवाची दृष्टी

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम जय ख्रिस्त. माझी थोडी कोरडवाहू शेती आहे. यंदा बोंडअळीने कापूस गेला, सोसायटीचे कर्ज थकले आणि वरून सावकाराचेही घ्यावे लागले. जिनिंगवर व्यापारी गाडीतून मूठभर कापूस ओढतो, धागा ताणून पाहतो आणि ‘कवडी आहे’ म्हणत भाव पाडतो; मंडळीत गेलो तरी लोक मला तसेच पारखतात असे वाटते. ‘देवाच्या दृष्टीने तुम्ही मोलवान आहात’ हे उपदेशात ऐकतो, पण ते मनात उतरत नाही. शिवाय माझ्या धाकट्या भावाने दारूपायी आपल्या वाट्याची जमीन विकली, तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. त्याच्याकडेही देवाच्या दृष्टीने पाहायचे म्हणजे काय करायचे? आणि असे असताना मी प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा मंडळीतील विधी) घ्यावे काय?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपण ऐकलेले वचन बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 43व्या अध्यायातले आहे. ते ज्यांच्यासाठी उच्चारले गेले ते इस्राएली लोक बाबेलच्या बंदिवासात होते. जमीन, मंदिर, राजा असे सगळेच हातचे गेले होते, आणि आधीच्याच अध्यायात देवाने त्यांना आंधळे व बहिरे म्हटले आहे. त्यांचे दिवस पालटल्यावर नव्हे, तर ते तशा अवस्थेत असतानाच देवाने त्यांना मोलवान म्हटले. आम्ही पाळक पुष्कळदा हा संदर्भ गाळून नुसता धीर देतो, म्हणून ते वचन आपल्याला पोकळ वाटले असावे. मात्र देव मोलवान मानतो म्हणून अन्याय मुकाट्याने सोसावा, असा त्याचा अर्थ नाही. सावकाराकडे परवाना नसेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तक्रार करता येते, ती अवश्य करावी.

आता भावाविषयी. लूकच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात शिमोन नावाच्या परूश्याने, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाने, येशूला जेवायला बोलावले, आणि गावात पापी म्हणून ओळखली जाणारी एक स्त्री तेथे येऊन येशूच्या पायांशी रडू लागली. शिमोनाने मनातल्या मनात तिची प्रत ठरवून टाकली. त्यावर येशूने त्याला एका सावकाराच्या दोन ऋणकऱ्यांची गोष्ट सांगितली. एकाकडे 500 दीनार येणे होते, दुसऱ्याकडे 50; दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा पहिल्याचे कर्ज दीड वर्षाच्या मजुरीइतके भरते. पण दोघांजवळही फेडायला काहीच नव्हते, आणि सावकाराने दोघांनाही सोडले. शिमोनाचे लक्ष 500 आणि 50 यांमधील अंतरावर होते, तर येशूचे दोघांच्याही रिकाम्या हातांवर. कर्जाच्या चिंतेने ज्याची झोप उडाली आहे, त्याला हा दृष्टांत आमच्यासारख्या पगारी माणसांपेक्षा लवकर कळेल.

पुढे येशू शिमोनाला विचारतो, ‘ही स्त्री तुला दिसते ना?’ आणि तिने काय काय केले ते एकेक करून सांगतो : तू पाय धुवायला पाणी दिले नाहीस, हिने आसवांनी पाय भिजवून केसांनी पुसले, तू चुंबन घेतले नाहीस, ही थांबलेली नाही, तू डोक्याला तेल लावले नाहीस, हिने पायांना सुगंधी तेल लावले. तिची पापे पुष्कळ आहेत हेही तो स्पष्ट बोलतो, ती झाकत नाही. देवाच्या दृष्टीने पाहणे म्हणजे भावाची दारू न दिसणे नव्हे. दारूखेरीज त्याच्यात जे आहे तेही तितक्याच बारकाईने पाहणे होय. डवरणीला तो कोणाच्या शेतात जातो, घरी कोणाचे दुखणे काढतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. प्रार्थनेत त्याचे नाव घ्याल तेव्हा तेही देवापुढे बोला.

प्रभुभोजनाविषयी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातली आज्ञा स्पष्ट आहे : आधी भावाशी समेट, मग अर्पण. पुढील प्रभुभोजनापूर्वी त्याच्या घरी जा. तो दाराशी उभा राहून शिव्या देईल, असेही होऊ शकते. तरी आपले जाणे वाया गेले असे समजू नका आणि प्रभूच्या मेजापासून दूर राहू नका, कारण समेट दोघांच्या हाती असतो, जाणे मात्र आपल्या एकट्याच्या. पहिल्या भेटीत जमिनीचा विषय काढू नका. रोख पैसे मागितले तर देऊ नका, जेवायला मात्र बोलवा. आणि दारू सोडण्याच्या उपचाराला तो तयार झाला, तर जिल्हा रुग्णालयात त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.