फौजेत होतो म्हणणारा उमेदवार: वाचकांचे प्रश्न

२०२४ च्या अमेरिकन निवडणुकीत डेमोक्रॅट टिम वॉल्झ आणि रिपब्लिकन जे. डी. व्हान्स या दोन उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या लष्करी नोकरीवरून जुंपली तेव्हापासून या विषयावरचे प्रश्न थांबलेच नाहीत. जुनी केरी-बुश भानगड विचारणारे आहेत, तिकडे राहणारे मतदार आहेत, आणि शेवटचा प्रश्न साताऱ्याचा आहे, तो मुद्दाम शेवटी ठेवलाय.

ताई, २००४ च्या "स्विफ्ट बोट" प्रकरणात जॉन केरी खरा होता की खोटा? दोन्ही बाजूंनी माजी सैनिकच बोलत होते, मग विश्वास कोणावर ठेवायचा? (नाशिक)

तेव्हा मी ओहायोत शिकत होते, आणि माजी सैनिकांनी केरीविरुद्ध केलेली ती जाहिरात मी हॉस्टेलच्या टीव्हीवर बघितलीये, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार. केरी, म्हंजे २००४ ला अध्यक्षपदासाठी बुशविरुद्ध उभा राहिलेला डेमोक्रॅट, १९६६ ला येल विद्यापीठातून पदवी घेऊन नेव्हीत गेला, १९६८ च्या नोव्हेंबरात व्हिएतनामला पोचला आणि मेकाँगच्या खाडी-नद्यांमधून फिरणाऱ्या स्विफ्ट बोटीवर, म्हंजे नेव्हीच्या छोट्या गस्ती बोटीवर, साधारण चार महिने होता. तेवढ्यात शौर्याची दोन पदकं, एक सिल्व्हर स्टार आणि एक ब्राँझ स्टार, आणि जखमी झाल्याबद्दलची तीन पर्पल हार्ट. तीन जखमा झाल्या की लढाईच्या जागेवरून बदली मिळायची तसा नियमच होता, म्हणून तो लवकर परतला. परत आल्यावर त्याने त्याच युद्धाविरुद्ध आवाज उठवला, २२ एप्रिल १९७१ ला सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि त्या साक्षीत आपल्या सैनिकांनी तिथे काय काय अत्याचार केले हे इतरांनी सांगितलेलं त्याने मांडलं. ही साक्ष लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी आग तिथली आहे. खूप सैनिकांना वाटलं की याने आम्हाला सगळ्यांना गुन्हेगार ठरवलं. तो राग खरा होता आणि मला तो समजतो.

पण ऑगस्ट २००४ मध्ये जी जाहिरात आली ती या साक्षीवर नव्हती, ती म्हणत होती की केरीने मेडलं खोटं बोलून मिळवली. पहिल्यांदा फक्त ओहायो, विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनिया या तीन राज्यांत लावली, साधारण पाच लाख डॉलरची, अमेरिकन निवडणुकीच्या मानाने हे काहीच पैसे नाहीत, पण बातम्यांनी ती फुकट दिवसरात्र फिरवली. आता कागद बघू. १३ मार्च १९६९ ला नदीत पडलेल्या जिम रासमन नावाच्या स्पेशल फोर्सेसच्या अधिकाऱ्याला केरीने बोटीवर ओढून घेतलं, ब्राँझ स्टार त्याचा. आरोप करणारे म्हणाले की तेव्हा शत्रूचा गोळीबारच चालू नव्हता. त्यातला एक, लॅरी थर्लो, त्याला त्याच दिवसासाठी ब्राँझ स्टार मिळालेला, आणि त्याच्या स्वतःच्या मानपत्रात शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख निघाला! रासमन स्वतः सांगत होता की गोळ्या चालू होत्या. सिल्व्हर स्टारच्या दिवशी, म्हंजे २८ फेब्रुवारी १९६९ ला, शेजारच्या बोटीचा प्रमुख असलेला विल्यम रूड पुढे शिकागो ट्रिब्यूनमध्ये संपादक झाला होता, पस्तीस वर्षं गप्प बसलेल्या त्या माणसाने शेवटी लिहून सांगितलं की हे आरोप चुकीचे आहेत. केरीच्या स्वतःच्या बोटींवर काम केलेले बहुतेक लोक त्याच्या बाजूने उभे होते, आणि जाहिरातीतले बहुतेक लोक त्याच्या बोटीवर कधी नव्हतेच. सप्टेंबरमध्ये नेव्हीच्या इन्स्पेक्टर जनरलनेही सांगितलं की मेडलं रीतसर मंजूर झालेली आहेत.

म्हणून दोन्ही बाजूंनी सैनिक असले की मी एवढंच विचारते की हा माणूस त्या दिवशी त्या जागी होता का, आणि कागद कधी लिहिला गेला. १९६९ मध्ये मानपत्र टाइप करणाऱ्या क्लार्कला हा पोरगा पस्तीस वर्षांनी अध्यक्षपदाला उभा राहणारे हे माहीत नव्हतं. मानपत्रातही फुगवून लिहिलेलं असू शकतं, पण निवडणुकीच्या ऑगस्टमध्ये आठवलेल्या गोष्टीपेक्षा मी त्याला जास्त वजन देते.

केरीचीही एक गोष्ट टिकली नाही, तीही सांगायला हवी. १९६८ चा ख्रिसमस आपण कंबोडियाच्या हद्दीत होतो असं तो पूर्वी सिनेटमध्ये बोललेला, आणि शेवटी प्रचारवाल्यांना कबूल करावं लागलं की तो त्या दिवशी नुसता सीमेजवळ होता. ही चूक केरीची आणि त्याबद्दल त्याला विचारणं बरोबरच होतं. मेडलांचं तसं नाही. बुशच्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात काही प्रतिनिधी पर्पल हार्टची नक्कल केलेल्या पट्ट्या हनुवटीला, बोटाला चिकटवून हसत फिरत होते, तो फोटो मी आजही विसरू शकत नाही. ते पदक अक्षरशः लाखो लोकांना मिळालंय, कित्येकांना मेल्यावर.

मग बुशचं काय? त्याच्याबद्दलची कागदपत्रं खोटी निघाली म्हणजे तो निर्दोष ठरला ना? (पुणे)

नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि २००४ मध्ये लोकांनी ती एक केली, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. जॉर्ज डब्ल्यू. बुश मे १९६८ मध्ये टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये, म्हंजे राज्याच्या राखीव हवाई दलात गेला, एफ-१०२ हे लढाऊ विमान उडवायला शिकला, आणि ते विमान उडवणं सोपं नव्हतं, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. पण एप्रिल १९७२ नंतर तो उडालाच नाही, वार्षिक मेडिकल न दिल्यामुळे ऑगस्टमध्ये त्याला उड्डाणावरून काढलं, त्या काळात तो अलाबामात एका सिनेट उमेदवाराच्या प्रचारात होता, आणि तिथल्या तळावर हजेरीला गेला होता का याचे पुरावे फारच विरळ. फेब्रुवारी २००४ ला व्हाइट हाऊसने कागद बाहेर काढले त्यात अलाबामाच्या तळावरची दाताच्या तपासणीची नोंद होती आणि तेवढ्यावर चर्चा रंगली. ऑक्टोबर १९७३ मध्ये सन्मानाने मुक्तता मिळाली, हेही कागदावर आहे.

हे सगळं खऱ्या कागदांवरून विचारता येत होतं. मग ८ सप्टेंबरला सीबीएस या टीव्ही वाहिनीने मेमो दाखवले, बुशच्या दिवंगत कमांडरच्या नावाचे, आणि काही तासांत लोकांनी बोट ठेवलं की १९७२-७३ च्या टाइपरायटरवर अशी अक्षरं, असा वर चढवलेला छोटा "टीएच" यायचा कसा, हे तर आजच्या कॉम्प्युटरचं दिसतंय. २० सप्टेंबरला सीबीएसने मान्य केलं की कागद खरे असल्याचं आपण सिद्ध करू शकत नाही. ती बातमी देणारा डॅन रादर पुढच्या मार्चमध्ये अँकरच्या खुर्चीतून गेला. आणि त्यानंतर "मेडिकल का दिली नाही?" हा साधा प्रश्न विचारणारा माणूसही खोट्या कागदवाल्यांच्यात मोजला जायला लागला. घाईने लावलेला एक कच्चा पुरावा दहा पक्के पुरावे बुडवतो.

मी न्यू जर्सीत राहते, २०२४ ला नागरिक म्हणून पहिल्यांदाच मत दिलं. घरात नवरा म्हणायचा वॉल्झ पळाला, मुलगा म्हणायचा व्हान्स तर नुसता लेखणीवाला होता. कोण बरोबर?

दोघंही अर्धं बोलत होते. वॉल्झ नॅशनल गार्डमध्ये २४ वर्षं होता. फेब्रुवारी २००५ ला काँग्रेसच्या निवडणुकीसाठी कागद भरले, मार्चमध्ये युनिट इराकला जाऊ शकतं अशी कुणकुण त्याच्या स्वतःच्याच प्रचाराच्या पत्रकात आहे, मे मध्ये तो निवृत्त झाला, जुलैमध्ये आदेश आले, आणि पुढच्या वर्षी युनिट गेलं. म्हंजे आदेश आल्यावर पळाला हे खोटं, आणि त्याला काहीच कल्पना नव्हती हेही खोटं. तुमच्या मिस्टरांना तारखांचा क्रम दाखवा, रागवायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील, त्याच्या युनिटमधल्या काहींना राग होताच. पण दोन गोष्टी त्याच्या स्वतःच्या तोंडच्या आहेत आणि त्यांना माझ्याकडे सूट नाही. एक, "युद्धात मी वापरलेली शस्त्रं" असं तो बंदुकांच्या कायद्यावर बोलताना म्हणाला होता, आणि तो प्रत्यक्ष लढाईत कधी नव्हता. दुसरं, कमांड सार्जंट मेजर हे पद त्याने सांभाळलं हे खरं, पण त्यासाठीचा कोर्स पूर्ण न झाल्याने निवृत्ती एक पायरी खालच्या हुद्द्यावर झाली, आणि प्रचारात मात्र वरचा हुद्दा लावत राहिले.

व्हान्स २००३ ते २००७ मरीन कोअरमध्ये होता, काम लष्करी पत्रकाराचं, २००५ मध्ये सुमारे सहा महिने इराकमध्ये. मुलाला सांगा की लेखणीवाला असला तरी तो युद्धाच्या देशात पाठवला गेला, त्याला तिथे जायला सांगितलं आणि तो गेला. फौजेत बंदूक चालवणाऱ्यामागे स्वयंपाकी, ड्रायव्हर, क्लार्क, मेकॅनिक अशी मोठी रांग असते आणि कोणी आपलं काम खोटं सांगत नसेल तर त्याला हिणवायचा आपल्याला काय अधिकार? व्हान्सने लढल्याचा दावा केला असता तर गोष्ट वेगळी.

अमेरिकेत हे रेकॉर्ड कोणालाही बघता येतं का? १९७३ च्या आगीत सगळं जळालं म्हणतात. (नागपूर)

आग खरी आहे. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड केंद्रात लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. पण त्या मुख्यतः १९१२ ते १९६० मध्ये आर्मीतून सुटलेल्यांच्या आणि १९४७ ते १९६४ मधल्या एअर फोर्सच्या काही. नेव्हीतल्या केरीच्या किंवा १९७३ ला सुटलेल्या बुशच्या फायलीसाठी ही आग पुढे करणारा माणूस एकतर अर्धवट वाचलेला आहे किंवा तुम्हाला गंडवतोय. सैनिक सुटताना "डीडी-२१४" नावाचा कागद मिळतो, त्यावर तारखा, हुद्दा, काम, पदकं सगळं एका पानावर. बाहेरच्या माणसाला माहितीच्या कायद्याखाली हुद्दा, नेमणुका, पदकं एवढं मिळतं, आजारपणाची वगैरे फाईल मात्र उमेदवाराने स्वतः सही केल्याशिवाय उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

ज्यांनी व्हिएतनामला जाणं टाळलं ते भित्रे म्हणायचे का? (कोल्हापूर, कॉलेज विद्यार्थी)

तुझ्या वयाच्या पोरांवरच ती वेळ आलेली, म्हणून विचार करून सांगते. सक्तीची भरती होती, कॉलेजात असलास तर सवलत, म्हंजे ज्याच्या बापाकडे फीचे पैसे तो घरी आणि शेतमजुराचा, कारखान्यातल्या कामगाराचा पोरगा जंगलात. पुढे अध्यक्ष झालेल्या क्लिंटनने एका कर्नलला लिहिलेलं १९६९ चं पत्र १९९२ ला बाहेर आलं, मला भरतीपासून वाचवल्याबद्दल आभार असं त्यात होतं. ट्रम्पला शिक्षणाच्या चार सवलती आणि पाचवी टाचेच्या हाडाची. बायडनलाही शिक्षणाच्या पाच, शिवाय दम्यामुळे सूट. धाकट्या बुशचा उपाध्यक्ष चेनी, त्यालाही पाच. दोन्ही पक्ष झाले की नाही? मी एकालाही भित्रा म्हणणार नाही, नियमात जे बसत होतं ते त्यांनी घेतलं. पण स्वतः सवलत घेतलेला माणूस जेव्हा दुसऱ्याच्या कैदेची टिंगल करतो, जसं ट्रम्पने २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं कैदेत काढलेल्या सिनेटर मॅकेनबद्दल केलं की मला न पकडले गेलेले लोक आवडतात, तेव्हा माझं डोकं सणकतं. ते मी माफ करत नाही.

याने मतं खरंच फिरतात का? (ठाणे)

वाटतं तेवढी नाहीत. १९४४ ला पॅसिफिकवर विमान पाडलं गेलेला थोरला बुश १९९२ ला हरला, इटलीत जखमी होऊन उजवा हात कायमचा अधू झालेला बॉब डोल १९९६ ला हरला, दोघंही क्लिंटनकडून. मॅकेन २००८ ला अध्यक्षपदाची निवडणूक हरला. मॅक्स क्लीलंड तर व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेला, तो २००२ ला जॉर्जियात सिनेटला पडला, आणि त्याच्याविरुद्धच्या जाहिरातीत बिन लादेन आणि सद्दामचे चेहरे दाखवले होते. उलट कनेक्टिकटचा ब्लूमेंथॉल व्हिएतनाममध्ये होतो असं बोललेला, प्रत्यक्षात अमेरिकेतच राखीव दलात होता, २०१० ला उघडं पडलं तरी निवडून आला. केरीचं सांगायचं तर ओहायो साधारण दोन टक्क्यांनी गेलं आणि तिथली २० इलेक्टोरल मतं (राज्य जिंकल्यावर मिळणारी, ज्यावर अध्यक्ष ठरतो) त्याच्याकडे असती तर तो अध्यक्ष होता, पण ते सगळं त्या जाहिरातीनेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मॅडम, मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. आमच्या गावात सरपंचपदाला उभा राहिलेला एकजण बॅनरवर "कारगिल योद्धा" लिहितो. तो फौजेत होता हे खरं, पण १९९९ ला राजस्थानात स्टोअरला होता असं आमच्यातलेच सांगतात. बोलावं की गप्प बसावं? फौजीने फौजीबद्दल बोलणं बरं दिसत नाही. (सातारा)

सुभेदार साहेब, बोला, पण आधी त्याच्याशी. "आमच्यातलेच सांगतात" यावर अजिबात जाऊ नका, केरीच्या वेळी नेमकं तेच झालं. डिस्चार्ज बुक त्याच्याकडे असणारच, आणि पदकांचा फरक तुम्हाला मी काय सांगणार, ऑपरेशन विजय स्टार हा प्रत्यक्ष कारगिलच्या क्षेत्रात असलेल्यांना आणि ऑपरेशन विजय मेडल हे त्या वेळी इतरत्र सज्ज ठेवलेल्यांनाही मिळालं. छातीवर काय आहे ते बघून तुम्हाला एका मिनिटात कळेल. बॅनरवर गणवेशातल्या जवानांचे फोटो असतील तर आणखी एक, निवडणूक आयोगाने मार्च २०१९ मध्ये पक्षांना पुन्हा बजावलं होतं की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका. ते पत्र पक्षांना होतं, गावच्या निवडणुकीला नव्हतं, पण दाखवायला चांगलं आहे.

दोघंच बसा, चहा घ्या, आणि सांगा की बाबा, स्टोअरला होतास तर स्टोअरला होतो असं लिही, तिथून दारूगोळा गेला नसता तर वर लढणाऱ्यांनी काय केलं असतं? "माजी सैनिक" एवढं लिहिलं तरी गाव मान देतं. ऐकलं तर विषय तिथेच मिटला, बाहेर एक शब्दही काढू नका. नाही ऐकलं आणि डिस्चार्ज बुकही दाखवलं नाही, तर मग ग्रामसभेत उभं राहून त्याचं युनिट आणि १९९९ चं ठिकाण विचारा, सगळ्यांसमोर, शांतपणे, आणि उत्तर त्याला देऊ द्या.