वाचक विचारतात : जपानमधला पाळणा का थांबला?

गेल्या अंकात जपानमधील ओस पडत चाललेल्या गावांविषयी आम्ही एक टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांतील प्रश्न येथे थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : जपान महाराष्ट्राहून थोडाच मोठा आणि लोकसंख्या मात्र बारा कोटींच्या वर. ती जरा कमी झाली तर गर्दी ओसरेल, घरे स्वस्त होतील. यात काळजी करण्यासारखे काय आहे? आम्ही शाळेत ‘हम दो, हमारे दो’ शिकवले, ते चुकले म्हणायचे का?
(निवृत्त शिक्षिका, सातारा)

जपानचे क्षेत्रफळ सुमारे 3.78 लाख चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचे 3.08 लाख, तेव्हा आपली तुलना रास्त आहे. 2008 च्या सुमारास 12.80 कोटींचे शिखर गाठून तेथील लोकसंख्या उतरणीला लागली आणि आज ती 12.4 कोटींच्याही खाली आहे. केवळ आकड्याचा प्रश्न असता तर आपले म्हणणे जवळजवळ मान्य करता आले असते, कारण 1967 च्या सुमारासही जपानची लोकसंख्या 10 कोटीच होती आणि त्या काळात तो देश चांगला भरभराटीला आलेला होता. परंतु तेव्हा पासष्टी ओलांडलेले लोक शंभरात सात होते आणि आज ते एकोणतीस आहेत. उद्या लोकसंख्या पुन्हा 10 कोटींवर येईल तेव्हा ते 10 कोटी लोक 1967 चे नसतील. कमावणाऱ्या हातांचे आणि आधार लागणाऱ्या देहांचे प्रमाणच बदललेले असेल, आणि निवृत्तिवेतन, दवाखाने, बस, पाणीपुरवठा हे सारे त्या प्रमाणावर चालते.

वयाची ही सरकती रेघ पाहण्यासाठी एका वस्तूचे उदाहरण पुरेसे आहे. वयाची शंभरी गाठणाऱ्या नागरिकाला जपान सरकार 1963 पासून चांदीचा एक छोटा, उथळ पेला भेट देते. प्रथा सुरू झाली त्या वर्षी देशात शतायुषी माणसे 153 होती. 2024 मध्ये ती 95 हजारांवर गेली. एवढे पेले शुद्ध चांदीचे देणे परवडेना, म्हणून 2016 पासून चांदीचा मुलामा दिलेले पेले देण्यात येऊ लागले. दीर्घायुष्य ही आनंदाचीच गोष्ट आहे. अडचण एवढीच की पेले भरणारी पिढी दरवर्षी लहान होत चालली आहे.

घरांविषयी आपण म्हणता ते तर घडूनही गेले आहे. 2023 च्या गणनेत जपानमध्ये सुमारे 90 लाख घरे रिकामी आढळली. मात्र ती स्वस्त घरे बहुतांशी अशा ठिकाणी आहेत जेथे नोकरी नाही, प्रसूतिगृह नाही आणि शाळा बंद झालेली आहे, तर तोक्योतील भाडी मुळीच उतरलेली नाहीत. होक्काइदो बेटावरील युबारी हे कोळशाचे शहर 1960 साली लाखाहून अधिक वस्तीचे होते. खाणी बंद पडल्या, तरुण निघून गेले, 2007 साली नगरपालिका दिवाळखोर ठरली आणि आज तेथे दहा हजार माणसेही उरलेली नाहीत. युबारीचे खरबूज मात्र अजूनही लिलावात डोळे विस्फारतील अशा किमतीला जाते.

‘हम दो’चे म्हणाल, तर शिकवले त्यात काही चूक नव्हते. जपाननेही तेच केले, आणि फारच झपाट्याने केले : 1949 साली एका स्त्रीला सरासरी 4.32 अपत्ये होत, ती 1957 पर्यंत 2.04 वर आली. दोनपर्यंत येण्यात धोका नव्हता. 1974 पासून हा आकडा लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या 2.1 च्या खाली गेला तो पुन्हा वर आलाच नाही, तेथे खरी मेख आहे.

प्रश्न : मी पुण्यात जपानी भाषा शिकते. जपान सरकार मुलांसाठी इतके पैसे देत असूनही तेथे मुले का होत नाहीत?
(विद्यार्थिनी, पुणे)

आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘मुले का होत नाहीत’ यापेक्षा ‘लग्ने का होत नाहीत’ यात अधिक आहे. जपानमध्ये विवाहाबाहेर जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आहे, म्हणजे लग्न नाही तर मूल नाही, हा नियम जवळजवळ आपल्यासारखाच. ज्यांचे लग्न होऊन पंधरा-वीस वर्षे झाली आहेत अशा जोडप्यांना 2021 च्या पाहणीत सरासरी 1.90 मुले होती, जी संख्या काही फार कमी नव्हे. परंतु 1972 साली जेथे 11 लाखांच्या घरात विवाह झाले होते, तेथे 2023 मध्ये पाच लाखही झाले नाहीत. 2020 च्या जनगणनेनुसार पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेले पुरुष शंभरात सुमारे अठ्ठावीस आणि स्त्रिया सुमारे अठरा आहेत.

हे असे कधी झाले, याला एक नेमका काळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 ते 1949 या तीन वर्षांत तेथे मुलांची पहिली लाट आली. ती मुले मोठी झाल्यावर 1971 ते 1974 मध्ये दुसरी लाट आली आणि 1973 या एकाच वर्षी 20.9 लाख बालके जन्मली. तिसरी लाट 1995 ते 2005 च्या दरम्यान यायला हवी होती. ती आली नाही, कारण 1990 नंतर जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि नेमकी हीच मोठी पिढी नोकरीच्या दारात उभी असताना कंपन्यांनी भरती थांबवली. त्या काळाला जपानी लोक ‘नोकऱ्यांचे हिमयुग’ म्हणतात. कायम नोकरीऐवजी कंत्राटी कामावर दिवस काढणाऱ्या तरुणाला स्थळे येईनात, आणि ज्या तरुणींना चांगली नोकरी लागली होती त्यांना लग्न, मूल आणि सासू-सासऱ्यांची सेवा या तिन्हींचा भार आपल्यावरच पडणार हे स्पष्ट दिसत होते. 2023 सालीदेखील मूल झाल्यावर रजा घेणारे पुरुष कर्मचारी शंभरात तीसच होते, जरी कायद्याने ही रजा वर्षभरापर्यंत घेता येते.

सरकारला इशारा मिळाला नव्हता असेही नाही. 1966 हे वर्ष जपानी पंचांगाच्या साठ वर्षांच्या चक्रातले ‘अग्निअश्व’ वर्ष होते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते, अशी तेथील समजूत आहे (आपल्याकडे मंगळाच्या मुलीला जे ऐकावे लागते त्याचेच हे जपानी रूप), त्यामुळे आदल्या वर्षीच्या 18 लाखांवरून जन्म एकदम 13.6 लाखांवर आले आणि जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी अपत्यांचा आकडा, 1.58 इतका घसरला. पुढच्याच वर्षी तो सावरला. पण 1989 साली कोणत्याही अंधश्रद्धेवाचून तो 1.57 झाला, तेव्हा देश दचकला. यानंतर योजना येत गेल्या. पाळणाघरे वाढली, 2017 साली त्यांच्या प्रतीक्षायादीत 26 हजार मुले होती, ती 2024 मध्ये अडीच हजारांवर आली. बाळंतपणासाठी 5 लाख येन मिळू लागले, आणि ऑक्टोबर 2024 पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आईवडिलांचे उत्पन्न न पाहता मासिक भत्ता सुरू झाला. पाळणाघरांच्या रांगा ज्या वर्षांत आटल्या त्याच वर्षांत जन्म साडेनऊ लाखांवरून 6.86 लाखांवर आले, तेव्हा रांग पाळणाघरे वाढल्यामुळे किती आटली आणि बाळे घटल्यामुळे किती, हाही एक प्रश्नच आहे.

माझ्या मते सर्वांत कठीण भाग यापुढचा आहे. 2024 च्या 6.86 लाख बाळांमध्ये मुली साधारण साडेतीन लाखांच्या आत असणार. त्या तिशीला पोहोचतील तेव्हा समजा प्रत्येकीला दोन मुले झाली, जे आज कोणी स्वप्नातही धरत नाही, तरी वर्षाला जन्म पावणेसात लाखांपलीकडे जाणार नाहीत. याउलट 2024 या एका वर्षात जपानमध्ये 16 लाख माणसे मरण पावली. आज दिलेल्या भत्त्याने आजच्या आईला एखादे मूल अधिक होईलही, पण 1995 ते 2005 मध्ये जी मुलगी जन्मलीच नाही तिला कोणताही भत्ता आई करू शकत नाही.

प्रश्न : एका शाळकरी मुलीसाठी जपानच्या रेल्वेने एक स्थानक चालू ठेवले होते, असा संदेश मोबाईलवर फिरतो. तो खरा आहे का?
(एक वाचक, ठाणे)

अर्धा खरा आहे. होक्काइदोतील क्यू-शिराताकी या छोट्या स्थानकावरून एक विद्यार्थिनी शाळेला जात असे आणि मार्च 2016 मध्ये तिचे शिक्षण संपले त्याच महिन्यात ते स्थानक बंद झाले. मात्र रेल्वेने केवळ तिच्यासाठी गाडी राखून ठेवली होती, हे नंतर जोडलेले आहे. जपानमध्ये शाळेचे वर्षही मार्चमध्ये संपते आणि रेल्वेचे नवे वेळापत्रकही त्याच महिन्यात लागू होते. त्या मार्गावरची आणखी दोन स्थानके प्रवासी नसल्यामुळे त्याच दिवशी बंद झाली; संदेशात बहुधा त्यांपैकीच एकाचे नाव असते. गोष्ट गोड आहे, पण स्थानके का बंद होतात हा प्रश्न ती झाकून टाकते.

प्रश्न : आमच्या गोव्यातही आता घरात एकच मूल दिसते. जपानची वेळ आपल्यावर येईल का?
(एक वाचक, फोंडा)

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एकूण जननदर भारतात 2.0, महाराष्ट्रात 1.7 आणि गोव्यात 1.3 आढळला. गोव्याचा आकडा त्या वर्षांतील जपानच्या आकड्याला लागूनच आहे. देशाची लोकसंख्या तरीही वाढते आहे, कारण वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुली संख्येने भरपूर होत्या आणि त्या आज आया होत आहेत. जपानला जे गणित खाली ओढते तेच आपल्याला तूर्त वर ढकलते आहे. महाराष्ट्राला मात्र एक वेगळी धास्ती हवी : 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुलीच होत्या. जपानने मुली गर्भात नाकारल्या नव्हत्या. शिवाय जपान म्हातारा होण्याआधी श्रीमंत झाला आणि 2000 साली त्याने चाळिशीपासून प्रत्येकाकडून हप्ता घेणारा शुश्रूषा विमा सुरू केला. आपल्याकडे अजूनही म्हातारपणाचा विमा म्हणजे बहुतेक ठिकाणी सूनच आहे.

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंग शिकली असून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी जपानला जाऊ इच्छिते. तिने जावे का?
(एक पालक, पिंपरी)

जावे की नाही हे तिने ठरवायचे आहे. कशाला होकार देत आहोत हे मात्र आधी नीट समजून घ्यावे. 2019 पासून जपानने ‘विशिष्ट कुशल कामगार’ या नावाने जो परवाना सुरू केला, त्यात शुश्रूषेचे काम येते. भारताशी त्याचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला. त्यासाठी कामाच्या कौशल्याची, सामान्य जपानीची आणि शुश्रूषेतील जपानीची अशा परीक्षा द्याव्या लागतात. तिथले काम इथल्या परिचारिकेचे नसते. म्हाताऱ्या माणसांना उठवणे, आंघोळ घालणे, भरवणे आणि डायपर बदलणे, हा त्याचा गाभा आहे. हा परवाना साधारणपणे पाच वर्षांचा असतो आणि त्यावर नवरा किंवा मूल सोबत नेता येत नाही. माणसांअभावी अडलेला देश तरुणांना बोलावतो आणि त्यांचा संसार मात्र दाराबाहेर ठेवतो, ही विसंगती तेथेही अनेकांना बोचते. त्या पाच वर्षांत जपानी भाषेतील राष्ट्रीय शुश्रूषा परीक्षा उत्तीर्ण झाल्यास वेगळा परवाना मिळतो, त्याची मुदत वाढवता येते आणि कुटुंबही नेता येते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : त्या परीक्षेच्या अभ्यासासाठी आठवड्याला किती तास मिळतील, रात्रपाळ्या किती असतील, आणि पगारातून खोलीचे भाडे वजा जाता हातात किती येन पडतील.