उरलेल्या लोकरीतून मगाचं पहिलं कव्हर

पहिल्यांदाच विणताय, तर नक्षी, केबल (वेणीसारखा पीळ), गोल विणणं हे सगळं सध्या बाजूला ठेवा. सरळ पट्टी विणा आणि मगाभोवती गुंडाळून बटण लावा. कानाची अडचणच येत नाही.

मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या (४ मि.मी.) सुया घ्या. सोळा टाके घाला, साधारण ८ सें.मी. रुंदी मिळेल. मग प्रत्येक ओळ सुलटच (इंग्रजीत ‘निट’) विणा. एक ओळ सुलट, एक उलट (‘पर्ल’) केलीत तर विण दिसते छान, पण कडा अशा वळतात की पट्टी मगावर नीट बसतच नाही. नवशिके हमखास इथेच अडकतात.

आणखी काही:

- टाके घट्ट घालू नका. सुई सहज सरकली पाहिजे.
- दर चार-पाच ओळींनी टाके मोजा. सोळाचे अठरा झाले, की कडेला दोरा चुकून सुईवर चढलाय असं समजा.
- रंग कितीही मिसळा, जाडी मात्र एकच हवी. जाड-बारीक एकत्र आलं की पट्टी वेडीवाकडी होते.

लांबी टेपने नको, मगावरच बघा. कानाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पट्टी किंचित ताणून पोचली की टाके बंद करा. सैल झाली तर चहा ओतताना घसरेल. एका टोकाला बटण, दुसऱ्याला लोकरीचा फास, तो कानातून ओढून अडकवा. आईच्या जुन्या स्वेटरचं बटण असेल तर फारच उत्तम!