नॉईज आधी काढायचा की शार्पनिंग आधी करायचं?

बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ६४०० वर काढलेल्या फोटोंत दाणे, म्हणजे नॉईज, फार आलेत, तर आधी नॉईज काढू की आधी शार्प करू, असं तुम्ही विचारलंय. आधी नॉईज. शार्पनिंग थोडं त्यानंतर आणि उरलेलं अगदी शेवटी, फोटो कुठे जाणार हे ठरल्यावर.

शार्पनिंगने फोटोत नवीन तपशील येत नाही. सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या पिक्सेलमधला उजेड-अंधाराचा फरक वाढवतं, म्हणून कड उठून दिसते. पण कड कुठली आणि दाणा कुठला, हे त्याला कळत नाही. आधी शार्प केलंत तर रथावरच्या मावळ्याच्या मिशीबरोबर मागच्या काळ्या आभाळातले दाणेही टोकदार होतात. मग ते पुसायला जावं तर मिशीही पुसट होते.

तुम्ही लाईटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) काम करत असाल तर साधे स्लायडर कुठल्याही क्रमाने हलवा, आत ते आपल्या ठरलेल्या क्रमानेच चालतं. २०२३ साली आलेलं एआय डिनॉईज (नॉईज आपोआप काढणारी सोय) मात्र रिटच (डाग वगैरे पुसणं) आणि मास्क (फोटोचा ठरावीक भागच बदलणं) यांच्या आधीच चालवा. फोटोशॉपमध्ये क्रम पूर्णपणे तुमच्या हातात, तिथे चुकू नका. एक्सपोजर आधी नीट करा, कारण सावल्या उचलल्या की लपलेला नॉईज वर येतो. तो बघायचा १०० टक्के झूमवर. लहान करून बघितलं तर काहीच कळत नाही.

नॉईज दोन तऱ्हांचा: रंगाचे ठिपके आणि उजेड-अंधाराचे दाणे. रंगाचे ठिपके बिनधास्त काढा. उजेडाच्या दाण्यांना हात जपून लावा, नाहीतर हवेतला गुलाल नाहीसा होतो आणि चेहरे मेणाचे दिसतात. थोडे दाणे राहिले तरी चालतील. मिरवणुकीचा फोटो आहे, पासपोर्टचा नव्हे.

मग शार्पनिंगचं मास्किंग, म्हणजे शार्पनिंग कुठे लागावं हे ठरवणारा स्लायडर. ऑल्ट दाबून तो स्लायडर ओढा. पांढरं दिसेल तिथेच शार्प होणार, काळं दिसेल तिथे नाही. फेट्याच्या घड्या, तलवारीची धार, दागिने पांढरे राहून गाल आणि आभाळ काळं झालं की थांबा. मागे हॅलोजन असेल तर खांद्याच्या कडेला पांढरी रेघ येते का बघा. आली तर रेडियस (शार्पनिंग कडेच्या आजूबाजूला किती रुंद लागतं ते) कमी करा.

शेवटचं शार्पनिंग साईज कमी केल्यावर. लहान करताना फोटो जरा मऊ पडतोच. मोबाईलसाठी हलका हात पुरे. लॅबमध्ये प्रिंट काढणार असाल तर स्क्रीनवर किंचित जास्त वाटेल इतकं ठेवा, कारण कागदावर फोटो स्क्रीनपेक्षा जरा मऊ दिसतो.

हे सगळं रॉ फाईलसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलसाठी. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने दोन्ही कामं आधीच केलेली असतात, त्यावर फार तर थोडं शेवटचं शार्पनिंग करा. आणि बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत (जुनं जैन मंदिर) फोटो काढायला गेलात तर कॅमेरा कुठेतरी घट्ट टेकवून आयएसओ १०० वरच काढा. छतावरचं दगडी कमळ काही हलत नाही, तिथे नॉईज काढायची वेळच येणार नाही.